‘नवरस’ आणि आमचं संबळ: सारखं वाटलं म्हणजे नातं झालं का?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर असाल तर ही पोस्ट तुमच्यासाठी. उदाहरण मात्र संगीताचं घेतोय.

जुनो रिअॅक्टर हा लंडनचा ट्रान्स संगीत करणारा गट. बेन वॉटकिन्स यांनी तो १९९० मध्ये सुरू केला. ‘ट्रान्समिशन्स’ (१९९३) आणि ‘बियाँड द इन्फिनिट’ (१९९५) या अल्बममुळे त्यांच्यावर ‘गोवा ट्रान्स’चा शिक्का बसला. पुढं २००३ मध्ये ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’ची श्रेयनामावली ज्या ट्रॅकवर चालते, तो ‘नवरस’ आला. सुमारे नऊ मिनिटांचा. त्यातला कोरस बृहदारण्यक उपनिषदातला मंत्र म्हणतो, आणि ते मूळ संगीत डॉन डेव्हिस यांचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चकलांब्यातला गोंधळ आठवला. रात्रभर संबळ, तुणतुणं, दिवटीचा उजेड, अन् कुणाच्या तरी अंगात येणं. लगेच वाटलं, हे तर आपलंच! संस्कृत मंत्र आहे, गोव्याचं नाव आहे, एकाच तालाची आवर्तनं आहेत. अजून काय पाहिजे?

इथंच आपण फसतो. साम्य हे निरीक्षण आहे, प्रभाव हा दावा आहे. मधे दुवा दाखवावा लागतो.

दुवा शोधायला मी दोन्हींचा ताल मोजायला बसलो. गोंधळात लय चढत जाते. संबळवाला गायकाकडं बघून वेग वाढवतो, आणि उत्तररंगात आख्यान लागलं की थांबतोही. ट्रान्समध्ये ठोका मिनिटाला साधारण १३० ते १५० असा एकदा ठरला की बहुतेक तोच राहतो. बदलतात ते वरचे थर. म्हणजे भारून टाकण्याची यंत्रणाच वेगळी.

मग ट्रॅक इतके लांब का? कारण साधं आहे. हणजूणच्या उन्हात, धुळीत तबकड्या खराब व्हायच्या, म्हणून डीजे डॅट टेप वापरत. टेपचा वेग जुळवून एक गाणं दुसऱ्यात मिसळणं अवघड. त्यामुळं सुरुवातीला अन् शेवटी ठोक्याविना लांब भाग ठेवायची रीत पडली. गोव्याची छाप खरी आहे, पण ती हवामानाची अन् यंत्राची. तिथल्या मांडो किंवा धालोची नव्हे.

आता ‘नवरस’ कसा आहे? बांधणी पक्की आहे. कोरस, तालवाद्यं, यंत्राचा ठोका एकमेकांवर असे चढतात की कुठंही गर्दी वाटत नाही. पण नाव नऊ रसांचं आणि हाती लागतात दोनच: वीर आणि अद्भुत. करुण नाही, शांत तर नाहीच. तो मंत्र मुळात विनवणी आहे. अंधारातला माणूस उजेड मागतोय. इथं तो रणघोषासारखा येतो. चित्रपटातल्या अंतिम लढाईच्या संगीतातून घेतलाय, म्हणून तसं झालं असेल, हे मान्य. तरी शब्दांचा अर्थ ट्रॅकच्या काही कामाला आलेला नाही, फक्त नाद आलाय.

याउलट ‘बायबल ऑफ ड्रीम्स’मधला (१९९७) ‘काँगा फ्युरी’ ऐका. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या अमाम्पोंडो गटाचे वादक आहेत. तिथं ढोल सजावटीला आणलेले नाहीत. सगळा ट्रॅकच त्यांच्यावर उभा आहे. इथं परंपरेशी नातं आहे असं मी म्हणू शकतो, कारण माणसं प्रत्यक्ष एकत्र वाजवतायत. माझ्या मते गटाचं मोठेपण या ट्रॅकमध्ये जास्त दिसतं, आपल्याला सुखावणाऱ्या ‘नवरस’मध्ये कमी.

हे मला पचायला जड गेलं. ‘आपलं जगभर गेलं’ हे वाक्य लिहायला फार गोड असतं, आणि माझ्या वहीत ते लिहूनही झालं होतं. खोडलं.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. ‘प्रभाव’ किंवा ‘परिणाम’ जिथं लिहिलंय तिथं तीन प्रश्न टाका: नेमकं काय गेलं? कुणाच्या हातून, कोणत्या वाटेनं गेलं? दुसऱ्या एखाद्या कारणानं तसंच घडलं असतं का? तिन्हींची उत्तरं नसतील, तर सध्या ‘साम्य आढळते’ एवढंच लिहा. व्हायव्हात तेवढंच टिकतं.