काच, कागद आणि कोळसा : डेव्हिड हॉक्नी यांची वोल्डगेटची चित्रे

डिजिटल चित्रकलेचा प्रसार होऊ लागल्यापासून कागदावरील रेखाटनाच्या अभ्यासाचे यापुढे प्रयोजन काय, हा प्रश्न कलाशिक्षणाच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. एक पक्ष रेखाटनवहीविना चित्रकार घडूच शकत नाही असे मानतो व पडद्यावर काढलेल्या चित्राकडे किंचित तुच्छतेने पाहतो; दुसरा पक्ष पेन्सिल व कागद यांना इतिहासजमा झालेली साधने समजतो. दोन्ही पक्षांचा दोष एकच आहे. साधन बदलले असता चित्रकाराच्या पाहण्यात नेमका कोणता फरक पडतो, याची तपासणी प्रत्यक्ष चित्रे समोर ठेवून करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. अशी तपासणी शक्य व्हावयाची तर एकाच चित्रकाराने एकच विषय थोड्या अवधीत दोन्ही साधनांनी हाताळलेला असला पाहिजे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी पूर्व यॉर्कशायरमधील वोल्डगेट या जुन्या रोमन रस्त्याची २०११ साली आयपॅडवर आणि २०१३ साली कोळशाने जी चित्रे काढली, ती या दृष्टीने उपयोगी पडण्यासारखी आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच मुख्यत्वे विचार करावयाचा आहे.

हॉक्नी यांचा जन्म १९३७ साली ब्रॅडफर्ड येथे झाला. १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळताच आपण कोणत्या शैलीने चित्रे काढावी या संभ्रमातून वाट काढण्यासाठी त्यांनी मानवी सांगाड्याची अत्यंत काटेकोर रेखाटने केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढील आयुष्यात त्यांनी यंत्राला कधीही विटाळ मानला नाही. छायाचित्रांची जोडचित्रे, झेरॉक्स, फॅक्स, १९८०च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी हाताळलेले ‘क्वांटेल पेंटबॉक्स’ हे यंत्र, असे सर्व प्रयोग त्यांनी केले. १९९९ मध्ये लंडन येथील अँग्रच्या व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन पाहिल्यावर ‘कॅमेरा ल्युसिडा’ हे लोलकाचे जुने उपकरण घेऊन त्यांनी शेकडो व्यक्तिचित्रे रेखाटली. त्या उपकरणातून चेहऱ्याची चार ठिकाणे कागदावर टिपता येतात. पापणीचा जडपणा किंवा ओठाची वळणरेषा हाताला व डोळ्यालाच शोधावी लागते. यंत्र किती मदत करते आणि कोठे थांबते, याची जाण त्यांना पडद्यावर चित्र काढण्यापूर्वीच आलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

२००९ मध्ये त्यांनी आयफोनवर ‘ब्रशेस’ नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने अंगठ्याने चित्रे काढण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षी आयपॅड आला. या काळातील सर्वांत सरस चित्रे ब्रिडलिंग्टनच्या घरातील शय्येवरून पाहिलेल्या पहाटेची आहेत. त्यांमागील कारण अगदी साधे आहे. पहाट कागदावर उतरवावयाची तर दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावताच खिडकीतील अंधुक प्रकाश मालवून जातो. पडदा स्वयंप्रकाशी असल्यामुळे अंधारातही रंग दिसतो. पाणी, वाटी, कुंचला यांची जुळवाजुळव करावी लागत नाही, रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. केशरी पट्टा फिकट होण्यापूर्वी तो टिपलेला असतो. पारंपरिक साधनांनी अशक्यप्राय असणारे असे काही येथे खरोखरच साधले आहे, आणि कागदाच्या कैवाऱ्यांनी ते मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

‘वोल्डगेटमधील वसंताचे आगमन, २०११’ ही मालिका या यशानंतरची. बत्तीस कॅनव्हासांचे एक प्रचंड तैलचित्र व आयपॅडवरील एक्कावन्न चित्रांचे मोठे मुद्रित पट असे तिचे स्वरूप असून २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत ती प्रदर्शित झाली. प्रत्येक आयपॅड-चित्राचे नाव म्हणजे त्या दिवसाची तारीख. जानेवारीतील ओला, जांभळट रस्ता. कुंपणातील झुडुपांवर येणारी पहिली पालवी. पुढे हिरव्याच्या इतक्या छटा की त्या मोजू नयेत. ऋतूचा हा सरकता क्रम डोळ्यांसमोर उलगडतो, हे मालिकेचे खरे बळ होय. जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जावे लागते व एकदा लागलेला डाग सहजी परत घेता येत नाही. २००४ साली याच परिसराची छत्तीस जलरंगचित्रे काढताना हॉक्नींनी ते बंधन पुरेपूर भोगलेले होते. आयपॅडवर गडदावर फिकट रंग केव्हाही चढविता येतो आणि नको असलेली रेषा मागमूस न ठेवता नाहीशी करता येते.

परंतु याच सोयींनी काही चित्रांचे नुकसानही केले आहे. प्रणालीत तयार मिळणारे ठसे, म्हणजे ठिपक्यांचे, झुबक्यांचे, तुटक रेषांचे नमुने, गवत आणि फुलोरा दाखविण्यासाठी सरसहा वापरलेले दिसतात. एक ठसा दुसऱ्यासारखाच असतो. निसर्गात दोन पाने सारखी नसतात, हे तर झालेच. पण चित्रातही ठशाची पुनरावृत्ती झाली की डोळा त्या भागावर रेंगाळत नाही, कारण तेथे चित्रकाराचा डोळाही रेंगाळलेला नसतो. दुसरा दोष प्रमाणाचा. पाटीएवढ्या पडद्यावर बोटाने ओढलेला फटकारा पुरुषभर उंचीच्या पटावर मुद्रित होतो, तेव्हा त्याचा आकार खांद्यापासून फिरविलेल्या हाताचा असतो, मात्र गती बोटाचीच राहते. तशात त्या पहिल्या आयपॅडच्या काचेला बोटाचा दाब कळत नव्हता. दाबाने जाड व हलक्या स्पर्शाने विरळ होणारी रेषा, जी पेन्सिल धरणाऱ्या शाळकरी मुलालाही सहज लाभते, ती येथे अन्य युक्त्यांनी घडवून आणावी लागे.

आता २०१३ ची कोळशाची चित्रे पाहू. ही एकंदर पंचवीस आहेत : वोल्डगेटवरील पाच ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाण हिवाळ्यापासून वसंतापर्यंतच्या पाच अवस्थांत. तत्पूर्वी, २०१२ च्या नोव्हेंबरात, हॉक्नींनी वारंवार रंगविलेला झाडाचा एक उंच बुंधा कोणीतरी रंग फासून तोडून टाकला होता. त्या पडलेल्या बुंध्याची चित्रे त्यांनी कोळशानेच काढली. आयपॅड हाताशी असताना ते कोळशाकडे वळले, याचा अर्थ त्यांनी आयपॅडचा त्याग केला असा मुळीच नाही. परंतु वसंतासारखा रंगांचाच म्हणावा असा विषय काळ्या-पांढऱ्यात मांडण्याचा हट्ट आकस्मिक मानता येत नाही. या चित्रांत हिरवा रंग मदतीला नाही. पालवी फुटली हे दाखवावयाचे तर फांद्यांमधून दिसणारे आकाश किती कमी झाले, रस्त्यावरील सावली किती दाट झाली आणि तिची कड किती मऊ झाली, एवढ्यावरच भिस्त. परिणामी प्रत्येक फांदी कोठून निघते व कोणत्या फांदीच्या मागे जाते, हे त्यांना पाहावेच लागले आहे. शिवाय कोळसा पुसला तरी पुरता जात नाही. बोटाने पुसलेल्या जागी राहिलेली करडी छटा पुढच्या रेषेखाली धुक्यासारखी उरते आणि दूरच्या झाडांना हवेचे अंतर मिळते. येथे झालेली चूकच चित्राच्या कामी येते. आयपॅडवर चूक निःशेष पुसली जात असल्याने तिचा असा उपयोग संभवत नाही.

(जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मुंबई-पुण्यास बसून या चित्रांचा अभ्यास करणाऱ्याला आयपॅडची चित्रे पडद्यावर जवळजवळ मूळ स्वरूपातच भेटतात, किंबहुना लंडनला भिंतीवर टांगलेल्या मुद्रित पटांहून मुळाच्या अधिक निकट. कोळशाच्या चित्रांची मात्र आपणांस प्रतिकृतीच मिळते. कागदाच्या दाण्यात अडकलेली भुकटी तिच्यात येत नाही. वर केलेली तुलना त्यामुळे कोळशाच्या बाजूने झुकलेली नसून, झालीच असेल तर विरुद्ध बाजूने झुकलेली आहे.)

मराठी सौंदर्यविचाराच्या दृष्टीने हे उदाहरण एका जुन्या प्रश्नाशी येऊन भिडते. मर्ढेकरांनी कलेच्या माध्यमाचा विचार संवेदनांच्या परिभाषेत केला, आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी त्या संवेदनांची रचना झाली म्हणजे सौंदर्य निर्माण होते, अशी त्यांची भूमिका ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात दिसते. ही भूमिका तर्काच्या शेवटापर्यंत नेली तर कागद, कोळसा, काच ही निव्वळ साधने ठरतात. दोन साधनांनी एकच रंगसंवेदना निर्माण केली तर त्यांच्यात सौंदर्यदृष्ट्या भेद करण्याचे कारण उरत नाही. पूर्ण झालेल्या चित्रासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकापुरते हे बरोबर असेल. परंतु चित्र पूर्ण होण्यापूर्वी चित्रकार कशाशी झगडत असतो, याचा हिशेब त्या उपपत्तीत लागत नाही. कोळशाचा खरखरीतपणा प्रेक्षकाच्या संवेदनेत येवो वा न येवो, हॉक्नींच्या डोळ्याला फांदीच्या मागे पाहण्यास त्यानेच भाग पाडले. साधन हे करणाऱ्याच्या पाहण्यात शिरते आणि तेथून चित्राच्या रचनेत उतरते. म्हणजे ज्याला आपण साधन म्हणून बाजूस सारले, त्याचाच वाटा लयीच्या घडणीत निघतो. मर्ढेकरांच्या विचारास एवढी पुरवणी जोडावी असे मला वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो डावलण्याजोगा नाही. साधनाचा अडथळा हाच जर लाभ असेल, तर पहाटेची आयफोन-चित्रे इतकी चांगली का? तेथे साधन तर जवळजवळ अडथळाच करीत नव्हते. मला याचे उत्तर विषयात सापडते. पहाट थांबत नाही. साधनाने सोडलेला अडथळा तेथे सूर्याने उभा केला होता. पाच मिनिटांत निर्णय घेतला नाही तर पाहिलेले हातचे जाणार होते. वोल्डगेटच्या २०११ च्या मालिकेतही जी चित्रे ढगाळ, बदलत्या प्रकाशातील आहेत ती ठशांच्या मोहापासून बव्हंशी मुक्त आहेत. जेथे साधनही अडवीत नाही व विषयही घाई करीत नाही, तेथेच चित्र सैल पडते. तेव्हा विद्यार्थ्याला कागदावर रेखाटन करावयास लावण्याचे समर्थन परंपरेच्या आदरातून करण्याची आवश्यकता नाही. काचेवर काम करताना अडवणारे कोणी नसते, आणि कोठे थांबून पाहावयास हवे हे ज्याला अन्यत्र कळलेले आहे, त्यालाच ते तेथे आपणहून करता येते.

नॉर्मंडीतील पुढील काम हेच दाखविते. तेथे वास्तव्यास गेल्यावर हॉक्नींनी २०१९ साली नव्या घराचा व भोवतालच्या आवाराचा चोवीस पटांचा एक सलग देखावा प्रथम शाईने रेखाटला. पुढील वर्षीच्या वसंतात त्याच परिसराची एकशे सोळा चित्रे आयपॅडवर झाली व २०२१ मध्ये ती रॉयल अकादमीत मांडली गेली. या चित्रांत फुलोऱ्याचे ठसे पुन्हा आहेतच, आणि काही चित्रे भेटकार्डाच्या पलीकडे जात नाहीत. परंतु तळ्यावर पाऊस पडत असल्याचे जे चित्र आहे, त्यातील पाण्याची वर्तुळे आकाराने व अंतराने एकमेकांपासून वेगळी आहेत. जवळची पसरट, दूरची चपटी, काही अर्धवट विरलेली. ती एकेक करून पाहिलेली आहेत.