पारणं आणि मेजवानी

मंडळी, काही पाहून थक्क झालो की आपण काय म्हणतो, एवढाच आजचा विषय.

इंग्रजीत अशा वेळी पाहणाऱ्याचा जबडा खाली पडतो. मराठीत तो तोंडात बोट घालतो. जबड्याचं कुणी शब्दशः मराठी केलं, तर त्या माणसाला वायसीएममध्ये न्यावं लागेल! अशा भाषांतराची आम्हाला भीती नाही. ते लगेच उघडं पडतं. भीती वाटते ती बेमालूम खपून जाणाऱ्याची. 'डोळ्यांना मेजवानी' हे तसं, 'फीस्ट फॉर द आइज'ची सरळ प्रत. व्याकरणात चूक नाही, कानाला खटकत नाही. पण ज्याच्या जागी ते येऊन बसतंय, ते 'डोळ्यांचं पारणं फिटणं' वेगळंच काही सांगतं.

पारणं म्हणजे उपास सोडतानाचं जेवण. एकादशी केली, तर द्वादशीला पारणं. मेजवानीला भरल्या पोटीही जाता येतं. पारण्याआधी उपास हवाच. आणि क्रियापद बघा, फिटणं. कर्ज फिटतं, नवस फिटतो, पांग फिटतात. काहीतरी देणं राहिलेलं असतं, ते चुकतं होतं. म्हणजे या आश्चर्यात वाट पाहण्याचा काळही धरलेला आहे. इंग्रजीत याच्या जवळचं 'साइट फॉर सोअर आइज'. त्याचं जुनं रूप स्विफ्टच्या १७३८ सालच्या संवादांच्या पुस्तकात आहे. पण तिथे दुखरे डोळे बरे होतात. आपल्याकडे उपाशी डोळे जेवतात.

आता आपल्याच भागात या. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभी राहिलेली बाई 'पारणं फिटलं' म्हणते, तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. पण हेच आपण आतषबाजीला लावतो, नव्या मॉडेलच्या अनावरणाला लावतो. तिथे कुणाचा उपास होता हो? तिथे 'मेजवानी' हाच शब्द बरोबर, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

उलट उदाहरण घ्या. समजा, चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात एक जण प्रेसवर दहा वर्षं एकच ब्रॅकेट काढतोय. त्याची गाडी कुठे जुळते, ते त्याने पाहिलेलं नाही. एक दिवस त्याला मोठ्या कंपनीत नेतात. असेंब्ली लाइनच्या टोकाला गाडी सुरू होते आणि स्वतःच्या चाकांवर बाहेर पडते. कंपनीच्या पत्रकात हमखास छापून येणार, 'त्याचा डोळ्यांवर विश्वासच बसेना'. अहो, विश्वास न बसायला काय झालं? गाडी होते, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फक्त दिसली नव्हती. तो स्वतः 'आयला, आपली गाडी!' एवढंच म्हणेल कदाचित. पत्रक लिहिणाऱ्याला मात्र इथे पारणं आठवायला हवं होतं.