शिरोड्यातील लेखनसाधना : कथाकाराचा हात आणि कान

कथालेखन शिकविता येते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेत बराच जुना आहे. ना. सी. फडके यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहून त्याला होकारार्थी उत्तर दिले. कथानकाची गुंफण, पात्रांची योजना, निवेदनाची पद्धती ही अभ्यासाने साध्य होणारी अंगे आहेत, असा त्या ग्रंथाचा आशय. प्रतिभा उपजतच असावी लागते, असे मानणारा पक्ष अर्थातच याच्या विरोधात उभा राहिला. दोन्ही पक्षांच्या वादात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. लेखक प्रत्यक्षात घडतो तो बहुधा नियमित लेखनाने आणि नियतकालिकांच्या मागणीने, आणि या घडणीत लाभाबरोबर हानीचाही अंश असतो. वि. स. खांडेकर यांच्या शिरोडा येथील वास्तव्यावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

खांडेकर 1920 साली शिक्षक म्हणून शिरोड्यास आले आणि 1938 साली तेथून कोल्हापुरास गेले. पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन मंडळांपासून दूर, मिठागरांच्या या गावी त्यांची अठरा वर्षे गेली. आरंभी ‘कुमार’ या नावाने कविता, ‘आदर्श’ या नावाने विनोदी लेखन, सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातील लेख, मग कथा, आणि 1930 साली ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी, असा त्यांचा क्रम दिसतो. नवोदित लेखकाने या क्रमाकडे लक्ष द्यावयास हवे. कादंबरीपूर्वी जवळजवळ दशकभर त्यांनी लहान आकाराचे लेखन केले, आणि तेही छापून येत असताना, म्हणजे वाचकाच्या व संपादकाच्या दृष्टीसमोर केले. हस्तलिखित पेटीत ठेवून परिपूर्णतेची वाट पाहण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

या शिस्तीचे फळ त्यांच्या लघुनिबंधांत प्रथम दिसते. साप्ताहिकातील जागा मोजकी असते. विषय चटकन उभा करावा लागतो, एखाद्या दृष्टान्ताने तो फुलवावा लागतो आणि शेवट वाचकाच्या स्मरणात राहील असा साधावा लागतो. खांडेकरी वाक्याची विशिष्ट घडण येथेच पक्की झाली असावी. आधी एक सामान्य विधान, त्याला लागून उपमा, आणि अखेरीस विरोधाने मिटणारे सुभाषितवजा वाक्य, अशी ही घडण आहे. लघुनिबंधात ती गुणरूपच ठरते. रूपककथेत, जो प्रकार मराठीत रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, तिचा उत्कर्ष होतो.

कादंबरीत मात्र हीच घडण अडचणीची ठरते. लघुनिबंधात बोलणारा एकच असतो, कादंबरीत अनेक असतात. खांडेकरांच्या सामाजिक कादंबऱ्यांत ध्येयवादी तरुण, सोसणारी स्त्री, वृद्ध शिक्षक हे सारे पुष्कळदा एकाच घडणीच्या वाक्यांत बोलतात. पात्र विचाराने वेगळे होते, वाणीने वेगळे होत नाही. शिरोड्याच्या परिसरात मात्र वाणीची विविधता विपुल होती. ‘मला’च्या जागी ‘माका’, ‘आहे’च्या जागी ‘आसा’, ‘आला’च्या जागी ‘इलो’ म्हणणारी मालवणी बोली शाळेच्या दारापर्यंत पोचलेली होती. 1930 साली याच गावी मिठाचा सत्याग्रह झाला. परिसरातील दारिद्र्य खांडेकरांनी पाहिले आणि त्याला आशयात स्थान दिले, ‘जीवनासाठी कला’ ही भूमिका हिरिरीने मांडली. पण ते दारिद्र्य ज्या भाषेत बोलत होते, ती भाषा त्यांच्या गद्यात क्वचितच उमटली. लेखकाचा जन्म सांगलीचा, हे याचे एक कारण होय. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तत्कालीन मासिकांचा वाचकवर्ग प्रमाण भाषेचा होता, आणि त्याने अलंकृत वाक्याचेच कौतुक केले. ज्याची वाहवा होते तेच लेखक पुन्हा लिहितो.

येथे जयवंत दळवी यांची तुलना उद्बोधक ठरते. 1925 साली जन्मलेले दळवी शिरोड्यालगतच्या आरवलीचे. वृत्तपत्रीय लेखनाचा सराव त्यांनाही होता. ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यांनी चालविलेले सदर प्रसिद्धच आहे. तरीही 1964 सालच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये त्याच किनाऱ्यावरची माणसे आपापल्या लकबीसह उभी राहतात. भूमी एक, नियतकालिकांची शिस्त एक, पण परिणाम वेगळा. दळवींच्या ठिकाणी हाताआधी कान तयार झाला होता, असेच म्हणावे लागते. अर्थात तोवर श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ने (1952) प्रादेशिक भाषेला कादंबरीत प्रतिष्ठा मिळवून दिली होती, हेही विसरता येत नाही.

खांडेकरांच्या शैलीला तिची योग्य भूमी सापडली ती 1959 सालच्या ‘ययाति’त. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या निवेदकांच्या पौराणिक विश्वात बोलीची अपेक्षाच नसते. तेथे चिंतनशील, अलंकृत वाक्य परके वाटत नाही. या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि 1974 साली खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ज्या गुणांमुळे सामाजिक कादंबरी एकसुरी झाली, त्याच गुणांनी पौराणिक कादंबरी तोलून धरली. शैलीचा दोष पुष्कळदा शैलीत नसतो. शैली आणि विषय यांच्या विसंगतीत तो असतो.

प्रसिद्धी लेखकाचा हात घडविते. लेखन वेळेवर पुरे करणे, आटोपशीर लिहिणे, वाचकाला धरून ठेवणे हे तिच्याकडून शिकावयास मिळते, आणि तंत्रग्रंथांपेक्षा अधिक खात्रीने मिळते. कान मात्र ती घडवीत नाही. उलट, एकदा मान्य झालेल्या वाक्याची सवय लावून ती त्याला बधिर करू शकते. म्हणून होतकरू कथाकाराने लहान लेखन नियमाने करावे, ते निःसंकोच प्रसिद्धीस पाठवावे. पण कादंबरीकडे वळताना आपली सारी पात्रे आपल्याच वाक्यात तर बोलत नाहीत ना, याची परीक्षा घ्यावी. पात्रांची नावे झाकून संवाद वाचले असता बोलणारा ओळखता येतो काय, ही कसोटी साधी आहे. खांडेकरांसारख्या समर्थ लेखकाच्या सामाजिक कादंबऱ्याही तिला पुरत्या उतरत नाहीत, यावरून तिची कठीणता ध्यानात यावी.