कोल्हा, खोकड आणि नीतिकथेचे प्राणिशास्त्र

'कोल्हा काकडीला राजी' आणि 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या दोन म्हणी मराठीत सारख्याच सहजतेने वापरल्या जातात. दोहोंतला प्राणी एकच आहे, असे भाषा गृहीत धरते. वास्तविक त्या दोन निरनिराळ्या ज्ञानव्यवहारांतून आलेल्या आहेत. पहिलीच्या मागे शेताची राखण आहे. रात्री काकडीच्या वाडीत शिरून फळे फोडणारे जनावर राखणदाराने पाहिलेले असते. मांसावर जगणारे म्हणून ओळखले जाणारे हे जनावर काकडीवर खूश व्हावे, यातली गंमत त्या निरीक्षणावरच उभी आहे. दुसरी म्हण पुस्तकातून आली. तिच्या मुळाशी इसपची ग्रीक कथा आहे, आणि त्या कथेतला 'अलोपेक्स' हा कोल्हा नव्हे. मराठीत ज्याला खोकड म्हणतात त्याच्या जातकुळीतला तो प्राणी. भाषांतरात एका प्राण्याच्या जागी दुसरा आला आणि ही अदलाबदल इतकी पचली, की तिची जाणीवही उरली नाही. ही केवळ शब्दकोशातली एक चूक म्हणून नोंदवून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. मराठी वाङ्मयात 'धूर्तपणा' या संकल्पनेला जो आकार आला, त्यात या अदलाबदलीचा वाटा आहे.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे दोन प्राणी एका कुळातले असले तरी परस्परांचे निकटचे नातेवाईक नाहीत. कोल्हा लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या प्रजातीतला. वजनाने साधारण आठ ते दहा किलो. ओरडणारा आणि ओरडण्यावरूनच ओळखला जाणारा. संस्कृतातील 'क्रोष्टृ' हे त्याचे नाव ओरडणे या अर्थाच्या धातूपासून बनले आहे, आणि मराठीने 'कोल्हेकुई' हा शब्द घडवून तीच ओळख पक्की केली. खोकड वेगळ्या शाखेतले आहे. भारतीय खोकडाचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज शॉ यांनी १८०० साली केले आणि बंगालवरून त्याला 'बेंगालेन्सिस' हे जातिनाम मिळाले; परंतु त्याचे खरे घर दाट अरण्यात नसून उघड्या, कोरड्या माळरानात आहे. भारतीय उपखंडाबाहेर ते आढळत नाही. दोन-तीन किलोंचे हे जनावर, शेपटीचे टोक काळे, अनेक तोंडे असलेल्या बिळाशी बांधलेले. उंदीर, वाळवी, भुंगेरे, टोळ, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि बोरे हा त्याचा आहार. नर-मादीची जोडी असते, हिवाळ्यात समागम होतो, सुमारे पन्नास दिवसांनी पिले जन्मतात आणि बीळ हेच त्यांचे पहिले जग असते. कोल्हाही पिलांसाठी बिळाचा आश्रय घेतो, हे खरे. पण बिळावाचून खोकडाची कल्पनाच करता येत नाही.

हा भेद भारतीय भाषांना अपरिचित होता असेही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठ्ठाविसाव्या सूक्ताची चौथी ऋचा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिथे लोपाश आणि क्रोष्टा हे दोन प्राणी एकाच ऋचेत, स्वतंत्रपणे येतात. एक सिंहावर चालून जातो, दुसरा रानडुकरावर. जग उलटेपालटे झाल्याचे सांगायला ऋषीला दोन दुबळे प्राणी हवे होते आणि त्याच्यापाशी दोन नावे होती. 'लोपाश' आणि ग्रीक 'अलोपेक्स' यांचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी जोडून दाखवले आहे. हिंदीने हा भेद आजवर राखला. तिथे द्राक्षांखाली उडी मारते ती लोमडी, आणि सियार किंवा गीदड निराळा. या भेदाला लिंगभेदही चिकटला आहे: हिंदी वाचकाच्या मनातली ती धूर्त व्यक्ती स्त्रीलिंगी, मराठी वाचकाच्या मनातली पुल्लिंगी, आणि खोकड तर मराठीत बहुधा नपुंसकलिंगी. नीतिकथेतल्या पात्राचे लिंग व्याकरणाने ठरावे आणि त्यावरून स्वभावाची अटकळ बांधली जावी, ही गोष्ट स्वतंत्र अभ्यास मागते.

मराठीतही शब्दाची वाण नव्हती. बायबलच्या रूढ मराठी भाषांतरात मत्तयाच्या आठव्या अध्यायात, जिथे मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नाही असे येशू सांगतो, तिथे बिळाचा धनी म्हणून 'खोकड' हाच शब्द आला आहे. त्या वाक्याचा सगळा अर्थ बिळावर तोललेला होता, म्हणून भाषांतरकाराला प्राणी नेमका हवा होता. इसपच्या भाषांतरकारांना तशी निकड वाटली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने झालेला इसपचा मराठी अनुवाद आणि १८२८ सालची सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' येथून सुरू झालेल्या परंपरेत कोल्हाच स्थिरावला. याचे कारण उघड आहे. पंचतंत्र-हितोपदेशाच्या परिचयामुळे 'कथेतला चतुर प्राणी' हे स्थान मराठी मनात आधीच भरलेले होते. प्रॉपच्या परिभाषेत बोलायचे तर भाषांतर कार्याचे झाले, कर्त्याचे नव्हे. भाषांतर म्हणून हा निर्णय समंजस होता, हे मान्य केलेच पाहिजे. 'खोकड आणि द्राक्षे' या नावाची कथा म्हणीपर्यंत पोचली असती की नाही, याची शंकाच आहे. मजेची गोष्ट अशी, की इंग्रजांनीही हीच अदलाबदल घोड्यावर बसून केली. आपल्या देशातली खोकडाची शिकार इथे आणताना त्यांनी शिकारी कुत्री सोडली ती कोल्ह्यामागे. निलगिरीतील उटकमंडच्या शिकारमंडळाचे सावज कोल्हाच होते. मैदानात आणि पुस्तकात एकाच काळात एकच समीकरण मांडले जात होते.

परंतु कार्य तेच राहते, हे गृहीतक तपासले की डळमळते. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातील करटक आणि दमनक हे पदच्युत मंत्र्याचे पुत्र आहेत. पिंगलक सिंहाच्या आसपास, त्याच्या उष्ट्यावर, त्याच्या मर्जीच्या परिघात ते जगतात. दमनकाची बुद्धी ही आश्रिताची बुद्धी आहे. संजीवक बैलाशी सिंहाचे सख्य आधी तोच जुळवतो आणि नंतर तोच तोडतो. बैल मारला जातो आणि दमनकाचे मंत्रिपद पक्के होते. या धूर्तपणाला सत्ताकेंद्र लागते. सिंह नसेल तर दमनकाला करण्यासारखे काहीच उरत नाही. मोठ्या शिकारी जनावराने टाकलेल्या शिकारीवर कोल्हा येतो, या निरीक्षणातून हे पात्र उगवले असावे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी पहलवीवरून अरबीत ही कथा नेली तेव्हा ग्रंथाला नावच या दोघांचे मिळाले, 'कलीला व दिम्ना'. मात्र अरबी कर्त्याला दिम्नाचे निसटणे सोसले नाही. त्याने दिम्नाच्या खटल्याचे प्रकरण जोडून त्याला शिक्षा देवविली. संस्कृत संहितेला अशा न्यायाची गरज भासली नव्हती.

इसपच्या खोकडाचा स्वभाव याहून निराळा. तेही सिंहाच्या कथांत येते, पण आजारी सिंहाच्या गुहेशी आल्यावर आत गेलेल्या पावलांचे ठसे पाहून ते बाहेरच थांबते. ते एकटे असते, त्याला पद नको असते, आणि त्याची बुद्धी जीव वाचवण्यासाठी किंवा पोट भरण्यासाठी खर्च होते. कावळ्याच्या चोचीतला घास स्तुतीने पाडणे ही लबाडी खरीच. पण ती मंत्र्याची नव्हे, भुकेल्याची आहे. द्राक्षांच्या कथेत तर ते कोणालाच फसवत नाही. फसवते ते स्वतःला. एकट्याने हिंडून, मिळेल ते खाऊन जगणाऱ्या प्राण्याचाच हा स्वभाव म्हणावा लागेल. दुर्बळाची चतुराई आणि दरबाऱ्याची चतुराई या दोन नैतिक कोटी आहेत. मराठीत त्या दोन्ही एकाच कातडीखाली गेल्या. परिणामी शालेय पाठापासून राजकीय टीकेपर्यंत 'कोल्हा' हे विशेषण दोघांनाही सारख्याच तिरस्काराने लावले जाते. सत्तेच्या दारात न शिरणाऱ्याच्या शहाणपणाला मराठी नीतिकथेत प्राणीच उरला नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. थिओडोर बेन्फाय यांच्या १८५९ सालच्या पंचतंत्राच्या जर्मन अनुवादानंतर कथांच्या मूळस्थानाचा वाद पेटला, तेव्हा ओटो केलर यांनी असा युक्तिवाद केला की सिंहामागे कोल्हा जातो, खोकड जात नाही. म्हणून सिंहाचा मंत्री असलेला प्राणी मूळचा भारतीय आणि ग्रीक खोकड ही त्याची जागा घेणारी नक्कल. युक्तिवाद आकर्षक आहे, पण कथेतले प्राणी निसर्गाचे साक्षीदार म्हणून उभे करण्याची घाई त्यात दिसते. सिंह आणि कोल्हा यांच्या सख्याविषयी लोकांना जे 'माहीत' असते, त्यातले कितीतरी कथांनीच शिकवलेले असते. प्राणी कथेला घडवतो आणि कथा प्राण्याला. या चक्रातला एक धागा ओढून त्याला उगम म्हणणे म्हणजे पुराव्याऐवजी प्रतिध्वनी सादर करणे होय.

कथा प्राण्याला किती घडवते, याचे टोकाचे उदाहरण फ्रेंच भाषेत सापडते. जुन्या फ्रेंचमध्ये खोकडाला 'गूपील' म्हणत. बाराव्या शतकापासून 'रनार' नावाच्या एका खोकडाच्या कथा इतक्या पसरल्या की पात्राचे विशेषनाम सामान्यनाम झाले आणि जुना शब्द मागे पडला. तिथे वाङ्मयाने प्राण्याचे नाव गिळले, पण प्राणी तोच ठेवला. मराठीत नाव शिल्लक राहिले आणि प्राणी वाङ्मयाबाहेर गेला. बोलीत 'खोकड' म्हणजे जराजीर्ण माणूस किंवा मोडकळीला आलेली वस्तू. कथेचा आधार नसलेल्या शब्दाला शिवीचा आधार मिळाला.

वाङ्मयातील ही अनुपस्थिती माळरानाच्या अनुपस्थितीहून वेगळी करता येत नाही. महसुली भाषेने ज्याला 'पड' म्हटले आणि नंतरच्या विकासाच्या भाषेने 'ओसाड', तेच खोकडाचे वसतिस्थान. अरण्याला मराठीत काव्य आहे, नदीला स्तोत्रे आहेत. गवताळ माळाच्या वाट्याला मात्र बहुधा वैराण एकाकीपणाचे रूपक आले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा परिसर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाला, आणि त्याच गवतावर खोकडही जगत आले. अबी तमीम वनक यांनी त्या परिसरात केलेल्या अभ्यासातून दिसले, की माणसाने पाळलेली आणि मोकाट सोडलेली कुत्री हा खोकडापुढचा मोठा प्रश्न आहे. कुत्रे जवळ असेल तर खोकड समोरच्या अन्नाकडेही मोकळेपणाने येत नाही. शिवाय कुत्र्यांतील रोगांचा धोका आहेच. माणूस आणि खोकड यांच्या नात्याची खरी कथा ही आहे. तिच्यात ना लबाडी आहे ना द्राक्षे. नीतिकथेचा साचा हाताशी असलेल्या लेखकाला ती कथा म्हणून दिसतही नाही.

अर्थात विज्ञानाकडे गेले की प्राणी नीतिकथेतून आपोआप सुटतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली नोवोसिबिर्स्क येथे रुपेरी खोकडांवर सुरू केलेला आणि ल्युद्मिला त्रुत यांनी पुढे चालवलेला प्रयोग घ्यावा. केवळ माणसाळूपणाच्या निकषावर पिढ्यान्पिढ्या निवड करताच खोकडे शेपटी हलवू लागली, अंगावर पांढरे ठिपके आले, कान लोंबू लागले, असे त्याचे लोकप्रिय कथन आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सेने दाखवले, की या खोकडांचे पूर्वज कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील कातड्यांच्या उद्योगातून आलेले होते आणि यातली काही लक्षणे प्रयोगापूर्वीच त्यांच्यात होती. माणसाळूपणा वाढला, हे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु 'रान ते अंगण' हा सुबक आलेख ठरतो. पिंजऱ्यातल्या व्यापारी इतिहासाला वगळूनच तो आलेख रेखता आला होता. ही कथनाची गरज होती, आणि ती इसपला ओळखीची वाटली असती.

मराठी कथनाने प्राण्याला रूपकाबाहेर आणण्याचा प्रयत्न केलाच नाही, असे नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२) वानरांच्या टोळ्यांचे वर्तन इतक्या बारकाईने पाहते, की रूपकाला वर्तनामागून यावे लागते. शीर्षक राजकीय असूनही मजकूर प्राण्याशी प्रामाणिक राहतो. तिच्या समीक्षेत मात्र माणसाच्या सत्तासंघर्षाचे प्रतिबिंब शोधण्याचाच उत्साह अधिक दिसला, आणि वानर हे वाचण्याऐवजी ओलांडण्याची पायरी ठरले. कोल्ह्याच्या बाबतीत समीक्षेने पायरीसुद्धा पाहिली नाही.

ही अडचण प्रत्यक्ष भाषांतरात कशी उभी राहते, ते टेड ह्यूज यांच्या १९५७ सालच्या संग्रहातील 'द थॉट-फॉक्स' या कवितेवरून कळते. मध्यरात्री, बर्फावर ठसे उमटवत, आवाज न करता येणारा प्राणी आणि कागदावर उमटणारी कविता हे तिथे एकच होतात. 'कोल्हा' म्हटले की त्या शांततेत कोल्हेकुई घुसते, आणि तिच्यामागून दमनक आणि द्राक्षे. 'खोकड' म्हटले की प्राणी बरोबर येतो, पण वाचकाला प्रथम ऐकू येते ते जीर्ण म्हाताऱ्याचे खोकणे. तळटीप देऊन हा पेच सुटत नाही, कारण कविता तळटिपेची वाट पाहत नाही. 'खोकड' हा शब्द दहा-वीस चांगल्या मराठी ओळींत वापरला गेल्यावर कदाचित त्याचा आवाज बदलेल. तोवर अनुवादकाला दोन्हींपैकी कोणता तोटा पत्करायचा, एवढेच ठरवता येते.