मोबाईल सिनेमा: चित्र सुधारले, आवाज राहिला

मोबाईलवर सिनेमा होतो, हे सिद्ध होऊन दशक उलटले आहे. पार्क चान-वूक या कोरियन दिग्दर्शकाने भावासोबत आयफोन ४ वर केलेल्या ‘नाईट फिशिंग’ला २०११ मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. शॉन बेकरचा ‘टँजरिन’ (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित झाला, तर विशाल भारद्वाज यांनी ‘फुरसत’ (२०२३) आयफोन १४ प्रोवर केला. ही उदाहरणे उत्साहाने सांगितली जातात, पण त्यांत फोन एकटा नव्हता हे सांगायचे राहून जाते. भिंगे, दिवे, ध्वनी आणि संकलन यांसाठी जाणकार माणसे हाताशी होती. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या महाविद्यालयीन मुलाकडे यांतला फोन तेवढा असतो.

साधनांवाचून सिनेमा करण्याची महाराष्ट्रातली परंपरा मालेगावची. नाशिकच्या मालेगावची, लोह्याजवळच्या यात्रेच्या माळेगावची नव्हे. शेख नासिर यांनी तिथे व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. त्या चित्रपटांना गावातलाच प्रेक्षक होता आणि लांब गोष्ट पेलायची सवय होती. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी येताच रील्स आणि शॉर्ट्सनी जागा घेतली, आणि ही सवय मोडली. रीलने खेड्यापाड्यांतून बिनधास्त नट दिले, हे मान्यच करावे लागेल. मात्र दोन माणसे एका खोलीत काही न बोलता बसली आहेत, असा प्रसंग रचणे रील शिकवत नाही.

नांदेडकडच्या मोबाईल लघुपटांत चित्राच्या बाजूने तक्रारीला फारशी जागा उरलेली नाही. ज्या चुका दिसतात, त्या फोन ‘ऑटो’वर सोडल्याच्या असतात. कंधारच्या किल्ल्यात अंधाऱ्या दरवाजातून पात्र उन्हात बाहेर येते. क्षणभर सगळे पांढरेफटक होते, मग खंदक आणि तटबंदी हळूहळू उमटतात. बाहेरच्या उजेडावर बोटाने दाबून एक्स्पोजर आणि फोकस लॉक केला की हे टळते. ट्यूबलाईटखाली पट्टे दिसतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि फोनचा वेग बहुधा सेकंदाला ३० चौकटींचा. २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवले की पट्टे जातात. ब्लॅकमॅजिक कॅमेऱ्यासारख्या मोफत ॲपमध्ये हे सारे हाताने ठरवता येते.

खरी दैना आवाजाची. फोन पात्रापासून दहा फुटांवर, माईक फोनमध्येच, वर मन्याड नदीच्या काठचा वारा. संवाद कळत नाहीत म्हणून मग गाणे चढवले जाते, आणि गाण्याखाली उरलासुरला संवादही बुडतो. साधा कॉलर माईक दुसऱ्या फोनला लावून तो पात्राच्या खिशात ठेवला, टाळी वाजवून दोन्ही फायली जुळवल्या, तरी अर्धे काम होते. एवढेही बहुतेकदा केले जात नाही.

आवाजाइतकीच उपेक्षा बोलीची. ‘काय करायलास’ म्हणणारा मुलगा कॅमेरा सुरू होताच सातारी-कोल्हापुरी ठसक्यात बोलू लागतो, कारण पडद्यावरचा गावरान माणूस त्याने तसाच ऐकलेला असतो. तेलंगण आणि कर्नाटकाच्या शेजाराने, उर्दूच्या सहवासाने घडलेले नांदेडी बोलणे पडद्यावर दुर्मीळच राहते.

विषयांचेही तेच. दारू, हुंडा, शेतकरी आत्महत्या हे प्रश्न खोटे नाहीत. पण शेवटी संदेशाचा फलक आला की आधीची दहा मिनिटे त्या फलकाची प्रस्तावना ठरतात. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची गोष्ट सांगतो आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तो मोबाईलवर झालेला नाही, पण लघुपटाने किती सांगावे आणि कुठे थांबावे, हे त्यातून शिकता येते.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी लघुपट स्पर्धा घेताना ध्वनी आणि संवादलेखन यांना स्वतंत्र पारितोषिके ठेवावीत. उत्कृष्ट छायाचित्रणाचे बक्षीस काही वर्षे दिले नाही तरी चालेल.