मूस, केकी
मूस, केकी : (२ ऑक्टोबर १९१२–३१ डिसेंबर १९८९). भारतीय छायाचित्रकार. पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म मुंबईस पारशी कुटुंबात. विल्सन महाविद्यालयातील शिक्षणानंतर इंग्‍लंडमध्ये त्यांनी व्यावसायिक कला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. १९३८ च्या सुमारास ते खानदेशातील चाळीसगाव (जि. जळगाव) येथे परतले आणि रेल्वेस्थानकानजीकच्या आपल्या घरात सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ एकांतवासात राहिले. मुंबईस निरोप देताना प्रेयसीने येण्याचे वचन दिले होते व ते रोज रात्री गाडीच्या वेळी दारे-खिडक्या उघडून तिची वाट पाहत, अशी आख्यायिका आहे.

मूस यांची ख्याती मुख्यत्वे ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणासाठी आहे. या प्रकारात मेजावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून प्रकाशयोजना व कॅमेऱ्याचा कोन यांच्या साहाय्याने विस्तीर्ण दृश्याचा आभास निर्माण करतात. पीठ वा मीठ यांतून हिमाच्छादित प्रदेशही उभा राहू शकतो. समोर खरोखर असलेल्या वस्तूची साक्ष देणे, हा छायाचित्राचा सर्वसामान्य धर्म होय. टेबल-टॉप छायाचित्र मात्र कधीच अस्तित्वात नसलेल्या स्थळाची साक्ष देते. घराबाहेर न पडणाऱ्या कलावंताने हे माध्यम जोपासावे, यात संगती दिसते. दुरावलेले जग त्यांनी स्मृती व कल्पना यांच्या आधारे घरातच रचले. रेम्ब्रँट या डच चित्रकाराविषयीचा त्यांचा आदर त्यांच्या घराच्या ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ या नावातून व्यक्त होतो. गडद पार्श्वभूमीतून उजळणारे चेहरे, हे त्यांच्या व्यक्तिचित्रांचे वैशिष्ट्य त्याच प्रभावाचे द्योतक आहे.

त्यांच्या कलेला मर्यादाही आहेत. तत्कालीन प्रदर्शनांत रूढ असलेल्या चित्रसदृश छायाचित्रणाचे संकेत त्यांनी फारसे ओलांडले नाहीत. काही रचनांत कारागिरीचे कौतुक भावाशयाच्या आधी जाणवते. सभोवतालच्या खानदेशी लोकजीवनापेक्षा अंतर्मुख भावविश्वच त्यांना अधिक जवळचे वाटले. मात्र त्यांच्या चित्रांचा आस्वाद केवळ विरहकथेच्या आधारे घेणे अन्यायाचे ठरेल. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी रिकामेपणाला आकार देणारी त्यांची प्रकाशयोजना स्वतंत्रपणे परिणामकारक ठरते.

छायाचित्रणाखेरीज चित्रकला, शिल्पकला व काष्ठकाम यांतही त्यांना गती होती. चाळीसगाव येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या कला प्रतिष्ठानाने त्यांचे घर व कलाकृती संग्रहालयाच्या रूपाने जतन केल्या आहेत.