खारपाणपट्ट्यातल्या मुलांचा महाराष्ट्र

मुलांना आपलं राज्य दाखवणारं लेखन मराठीत कमी नाही. पण त्यातला महाराष्ट्र बहुतेकदा सह्याद्रीत सुरू होतो आणि समुद्राशी संपतो. अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीच्या मुलाला पुस्तकांत गड, घाट, लेणी सगळं भेटतं. आपल्या गावच्या विहिरीचं पाणी खारं का, हे मात्र तिथे क्वचितच सापडतं.

सह्याद्री इतका जवळचा वाटतो, तो चांगल्या लेखनामुळेच. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पाठ्यपुस्तकानं कित्येक पिढ्यांना इतिहास गोष्टीसारखा सांगितला, म्हणून प्रतापगड कधी न पाहिलेल्या वऱ्हाडी मुलालाही तो ओळखीचा वाटतो. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांचं वेड लावलं. दांडेकरांचा जन्म १९१६ चा, परतवाड्याचा. म्हणजे गाविलगड तिथून जवळच. तरीही गाविलगड मुलांच्या मनात राजगडासारखा उभा राहिला नाही. बहमनींनी बांधलेला, इमादशाहीत नांदलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेनं नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. ही पराभवाची आणि गुंतागुंतीची गोष्ट आहे. मुलांना ती पेलणार नाही असं आपण परस्पर ठरवून टाकलं, आणि त्यात वऱ्हाडचा अर्धा इतिहास बाहेर राहिला.

तिसरीची ‘परिसर अभ्यास’ची पुस्तकं जिल्हावार निघाली, ही मला या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. अमरावतीच्या मुलानं आधी अमरावती वाचायची. पण नद्या, पिकं, तालुके, प्रेक्षणीय स्थळं अशा नोंदींकडे हा मजकूर फार झुकतो; ‘का’ मागे पडतो. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खोलवर साचलेल्या गाळात क्षार अडकले, म्हणून भूजल खारट. पाणी भरपूर दिसूनही विहिरीवर ओलीत करता येत नाही. कपाशी, तूर पावसावर आणि हरभरा जमिनीत मुरलेल्या ओलीवर. दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांची तहान सातपुड्याच्या पायथ्याचं शहानूर धरण भागवतं. म्हणजे धरणावरच्या डोंगरातलं, वाघांचं मेळघाटचं जंगल टिकलं तर नळाला पाणी. भूगोल, शेती आणि वाघ एकाच धड्यात आणणारी याहून चांगली सामग्री कुठल्या तालुक्याला मिळणार?

वन्यजीवांच्या लेखनात मारुती चितमपल्लींनी मेळघाटाला मराठीत घर दिलं. ते मोठ्यांसाठी लिहीत, पण चौकस मुलं त्यांच्यापर्यंत पोचतात. शंभराहून अधिक वर्षं नामशेष मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. ही गोष्ट मुलांना श्वास रोखायला लावेल. तरी भातकुलीचं मूल प्राणी पाहतं ते जंगलात नव्हे, बापाच्या तुरीत. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं रात्रीतून पीक लोळवतात, म्हणून घरातला कुणीतरी जागलीला, रात्रीच्या राखणीला जातो. प्राणी वाचवा असं सांगणारं पुस्तक या घरात उघडतं, तेव्हा त्या जागलीबद्दल त्याला काहीतरी म्हणता आलं पाहिजे. तणमोर, काळवीट यांचे माळ अकोला-वाशीम-कारंजाकडे अजून आहेत. झाड नसलेली जमीन ओसाड नसते, हे मुलांना तिथे दाखवता येतं.

आणि इतिहास तर हाकेच्या अंतरावर आहे. भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन पूर्णेकाठचं. गाडगेबाबांच्या लोकसेवेची सुरुवात इथली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा अखेरचा प्रवास संपला तो वलगावजवळ, पेढी नदीपाशी. याच पेढीच्या खोऱ्यात भातकुली आहे. ऋणमोचनची जत्रा पाहिलेल्या मुलाला बाबांचं चरित्र ‘थोर पुरुष’ म्हणून नको. कुठे झाडलं, कुठे घाट बांधला, कुणाला जेवू घातलं, हे जागेवर नेऊन सांगायला हवं.

आणि तेही त्यांच्याच बोलीत. गो. नी. दांडेकरांनीच ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी वऱ्हाडी बोलीत लिहिली. मुलांच्या पुस्तकांत ती वाट रुजली नाही. मुलांचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे; त्यानं भातकुली-दर्यापूरच्या शिक्षकांकडून आणि मुलांकडून खाऱ्या विहिरी, शेततळी, जागल यांवर एखादा अंक लिहून घ्यावा, बोली न सुधारता.